तुमचं लिखाण दुसऱ्याच्या नावावर दिसलं तर काय करायचं

तुमच्या पानावरचा लेख, रेसिपी, प्रवासवर्णन किंवा फोटो दुसऱ्याच कोणाच्या पानावर त्याच्या नावाने दिसला की डोकं फिरतं, आणि ते साहजिकच आहे, घरचं-ऑफिसचं सगळं आटपून रात्री बसून लिहिलेलं असतं आणि कोणीतरी दोन क्लिकमध्ये उचलून आपलं म्हणून मिरवतो. पण रागाच्या भरात बहुतेक जण काय करतात तर तिथेच खाली कमेंट टाकतात, हे माझं आहे, चोरलंय. मग समोरचा पोस्ट उडवतो, तुम्हाला ब्लॉक करतो, थोड्या दिवसांनी तेच परत टाकतो आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून आधी पुरावा गोळा करा, तोपर्यंत कोणाला एक शब्द बोलू नका, मित्रमंडळींच्या ग्रुपवरसुद्धा नको, कारण तिथून कोणीतरी जाऊन कमेंट करतंच.

पुरावा म्हणून मोबाइलवरचा एक अर्धवट स्क्रीनशॉट पुरत नाही. कॉम्प्युटरवर ते पान उघडा, वरचा पूर्ण पत्ता आणि खालची तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, वरपासून खालपर्यंत, मग प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ करून ठेवा. फेसबुकवर असेल तर नावाखाली जी तारीख किंवा वेळ असते तिच्यावर क्लिक करा म्हणजे त्या एका पोस्टची स्वतंत्र लिंक मिळते, ती हवी, नुसती प्रोफाइलची लिंक उपयोगाची नाही. त्यानंतर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये त्यांच्या पानाचा पत्ता टाका, आणि लगेच तुमच्या मूळ पानाचाही टाका. हे तिसऱ्याच संस्थेने ठेवलेलं तारखेसकट चित्र असतं त्यामुळे त्याला वजन असतं. फेसबुक-इन्स्टाची पानं तिथे नीट सेव्ह होत नाहीत, तिथे स्क्रीन रेकॉर्डिंग करा, पोस्ट उघडून हळूहळू खाली सरकत जायचं.

आता यातली मेख सांगतो. बऱ्याच ठिकाणी लेखाची तारीख मागची टाकता येते, ब्लॉगरवर येते, वर्डप्रेसवर येते, फेसबुक पेजवरही जुनी तारीख लावता येते. त्यामुळे समोरचा उद्या तुमच्या आधीची तारीख दाखवून उलट तुमच्यावरच आरोप करू शकतो, असे प्रकार होतात. त्याला उत्तर म्हणून तुमच्या बाजूचे पुरावे वेगळे जमवा: गुगल डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी, ड्राफ्टच्या जुन्या कॉप्या, लेखाखालच्या वाचकांच्या त्या वेळच्या कमेंट, कोणाला आधी वाचायला पाठवला असेल तर ते ईमेल, फोटो असेल तर कॅमेऱ्यातली मूळ मोठी फाइल (व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतली आतली माहिती निघून जाते म्हणून मूळ फाइल कधीच डिलीट करू नका). आणि एक फार चांगला पुरावा म्हणजे तुमच्याच टायपिंगच्या चुका. कॉपी करणारा वाचत नाही, त्यामुळे तुमचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ, दोनदा पडलेला शब्द, एखादा फक्त तुमच्या घरात वापरला जाणारा शब्द जसाच्या तसा तिकडे गेलेला असतो, तो शोधा आणि अधोरेखित करून ठेवा. हल्ली एआयला देऊन वाक्यं फिरवून घेतात, तेव्हा चुका सापडत नाहीत, मग दोन कॉलम करून डावीकडे तुमचं आणि उजवीकडे त्यांचं असं परिच्छेदवार मांडा, उदाहरणांचा क्रम तोच, आकडे तेच, तुमच्या आजीचा किंवा तुमच्या गावचा किस्सा तोच, हे असं समोरासमोर ठेवलं की वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणखी कुठे कुठे गेलंय हे शोधायला लेखातलं एक वेगळं, आठ-दहा शब्दांचं वाक्य अवतरण चिन्हात टाकून सर्च करा. पहिलं वाक्य घेऊ नका कारण ते बदललेलं असतं, मधलं घ्या. देवनागरीत एक अडचण येते, तेच अक्षर वेगवेगळ्या कीबोर्डने वेगळ्या पद्धतीने टाइप होतं, ऱ्या-ऱ्हा किंवा ॲ-अॅ असलेली वाक्यं कधीकधी सापडत नाहीत, त्यामुळे साधे शब्द असलेली दोन-तीन वाक्यं वापरून बघा. फोटोसाठी गुगल लेन्स आहेच.

पुढे जाण्याआधी ही खरंच कॉपीराइटची चोरी आहे का ते शांतपणे बघा, कारण सगळंच त्यात बसत नाही. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्याप्रमाणे तुम्ही लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा झाला, नोंदणी लागत नाही, खाली 'सर्व हक्क राखीव' लिहिलेलं नसलं तरी चालतं, आणि तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. पण हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणजे तुम्ही हरिश्चंद्रगडावर लिहिलं म्हणून दुसऱ्याने लिहायचं नाही असं नाही. रेसिपीत नुसती साहित्याची यादी, दोन वाट्या बेसन आणि चमचाभर हिंग, ही तुमच्या मालकीची होत नाही, पण कृती तुम्ही ज्या शब्दांत सांगितली, वर जी आठवण लिहिली आणि जो फोटो काढला ते सगळं तुमचं. कोणी तुमच्या लेखातल्या चार ओळी घेऊन त्यावर टीका केली, परीक्षण लिहिलं, तर कलम ५२ प्रमाणे ते चालतं, आवडलं नाही तरी सोडून द्यायचं. नोकरीचा भाग म्हणून एखाद्या कंपनीसाठी लिहिलं असेल तर हक्क बहुधा कंपनीचा असतो, करार काढून बघा.

उलट काही गोष्टी लोकांना चोरी वाटतच नाहीत पण त्या आहेत. तुमच्या मराठी लेखाचा परवानगीशिवाय हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद करून टाकणं, कारण अनुवादाचा हक्कही मूळ लेखकाकडेच असतो. आणि हल्ली सगळ्यात जास्त चाललेला प्रकार म्हणजे यूट्यूबवर कथावाचन. कोणाची तरी फेसबुकवरची कथा घ्यायची, मागे बासरी लावायची, आणि वाचून टाकायची, कधी सुरुवातीला लेखकाचं नाव घेतात, कधी तेही नाही. नाव घेतलं म्हणजे परवानगी घेतली असं होत नाही हे मला अगदी ठणकावून सांगायचंय. 'साभार' या शब्दाने कोणताही हक्क मिळत नाही. आणि नाव काढून टाकलं असेल तर कलम ५७ आहे, त्यात लेखकाला दोन वेगळे हक्क दिलेत, आपलं नाव लागण्याचा, आणि लिखाणाची मोडतोड करून आपली बदनामी होत असेल तर ती थांबवण्याचा, आणि हे हक्क तुम्ही लेख विकून टाकला तरी तुमच्याकडेच राहतात. मराठीत पैशापेक्षा नावाचंच दुःख जास्त असतं म्हणून हे कलम लक्षात ठेवा.

मग ठरवा तुम्हाला नक्की काय हवंय. नाव आणि लिंक हवी आहे, की लेख काढून टाकायला हवाय, की मानधन, की जाहीर दिलगिरी. सगळं एकदम मागितलं की समोरचा काहीच देत नाही. लहान मुलीने शाळेच्या पेजवर तुमची कविता टाकली असेल आणि जाहिरातींवर पैसे कमावणाऱ्या साइटने तुमचे सगळे लेख ओढून नेले असतील तर दोघांना सारखी वागणूक देऊ नका.

पहिला निरोप खाजगीत, लेखी आणि थंड डोक्याने लिहायचा. फोन करू नका, फोनवर काय बोलणं झालं ते कोणी मान्य करत नाही. साधारण असं लिहा:

"नमस्कार. तुमच्या पानावर अमुक तारखेला आलेला तमुक लेख (लिंक) हा माझ्या पानावर अमुक तारखेला प्रसिद्ध झालेला माझा लेख आहे (लिंक). तो वापरायला मी परवानगी दिलेली नाही. तो येत्या ४८ तासांत काढून टाकावा आणि तसं मला लेखी कळवावं ही विनंती. दोन्ही पानांच्या प्रती माझ्याकडे आहेत. या मुदतीत उत्तर न आल्यास मी ज्या सेवेवर तुमचं पान आहे तिच्याकडे कॉपीराइटची तक्रार करेन. आपला / आपली..."

एवढंच. शिव्या नाहीत, 'तुम्हाला जेलमध्ये टाकतो' नाही. याला कारण आहे, कायद्यात कलम ६० असं आहे की बिनबुडाच्या कारवाईच्या धमक्या दिल्या तर समोरचाच तुमच्यावर दावा करू शकतो. जे करणार तेवढंच लिहा. माझा अनुभव असा की निम्मे-अधिक प्रकार इथेच मिटतात, कारण पुष्कळांना खरंच वाटत असतं की नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे. त्यांना नीट सांगितलं की ते ओशाळतात, नाव टाकतात, काही जण पुढे तुमचे वाचकही होतात.

'नेटवर होतं म्हणून घेतलं' ही सबब मात्र कोणाकडूनही ऐकून घेऊ नका. २०१० मध्ये अमेरिकेत कुक्स सोर्स नावाच्या छोट्या मासिकाने एका बाईंचा सफरचंदाच्या पायवरचा लेख त्यांच्या वेबपानावरून उचलून न विचारता छापला. त्यांनी पैसे स्वतःसाठी मागितलेच नव्हते, एक माफी आणि कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या शाळेला १३० डॉलर देणगी, शब्दाला दहा सेंट या हिशोबाने, एवढीच मागणी होती. संपादक बाईंनी उत्तर दिलं की वेबवरचं सगळं सार्वजनिकच असतं, सगळा लेख उचलून दुसऱ्याच्या नावाने छापला नाही म्हणून खूश व्हा, आणि आम्ही तो सुधारला म्हणून उलट तुम्हीच आम्हाला पैसे द्यायला पाहिजेत. ते पत्र बाहेर आलं, लोकांनी त्या मासिकाने आणखी कुठून कुठून उचललंय ते शोधून काढलं, जाहिरातदार निघून गेले आणि त्याच महिन्यात मासिक बंद पडलं. मला यात त्या बाईंची मागणी फार महत्त्वाची वाटते, नेमकी, छोटी, हिशोब दाखवून केलेली, त्यामुळे ती नाकारणाऱ्याची बाजू कोणीच घेतली नाही.

उत्तर आलं नाही तर प्लॅटफॉर्मकडे जायचं. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम या सगळ्या अमेरिकन कंपन्या आहेत आणि तिथे १९९८ चा डीएमसीए हा नेटवरच्या कॉपीराइटचा अमेरिकन कायदा लागू होतो. त्याची नोटीस भारतात बसून फुकट देता येते, वकील लागत नाही, नोंदणी लागत नाही, पैसे घेऊन नोटीस पाठवणाऱ्या साइट असतात त्यांची गरज नाही. नोटिशीत तुमचं नाव-पत्ता-ईमेल, तुमच्या मूळ लेखाची लिंक, चोरलेल्या प्रत्येक पानाची वेगळी लिंक (दहा लेख गेले असतील तर दहा लिंका, नुसता साइटचा पत्ता देऊन चालत नाही), हा वापर परवानगीशिवाय झालाय असं मी प्रामाणिकपणे मानतो हे विधान, दिलेली माहिती खरी आहे हे विधान, मी मालक आहे किंवा मालकाने मला अधिकार दिलाय आणि हे खोटं निघाल्यास शपथेवर खोटं बोलल्याची शिक्षा मान्य आहे हे विधान, आणि खाली सही म्हणून टाइप केलेलं नाव. सगळ्यांचे तयार फॉर्म आहेत, फक्त योग्य फॉर्म शोधा. फेसबुकवर पोस्टच्या तीन टिंबांतून 'रिपोर्ट' करून फारसं काही होत नाही, त्यांचा कॉपीराइटचा वेगळा फॉर्म आहे, हेल्प सेंटरमध्ये सापडतो. आणि पन्नास मित्रांना 'सगळ्यांनी रिपोर्ट करा रे' सांगण्यातही अर्थ नाही कारण कॉपीराइटची तक्रार फक्त मालक किंवा त्याने अधिकार दिलेला माणूसच करू शकतो.

इथे टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी जरा थांबा. नोटिशीतलं नाव आणि संपर्क बऱ्याचदा समोरच्याला कळवला जातो, आणि गुगल अशा नोटिसा लुमेन नावाच्या जाहीर संग्रहाकडेही पाठवतं. तुमची ओळख लपलेली राहणं महत्त्वाचं असेल, विशेषतः बायका घरच्या-दारच्या विषयांवर टोपणनावाने लिहितात त्यांच्यासाठी सांगतोय, तर विश्वासातल्या माणसाला किंवा वकिलाला लेखी अधिकार देऊन त्यांच्यामार्फत नोटीस पाठवा, आणि या कामासाठी वेगळा ईमेल ठेवा.

यूट्यूबवर फॉर्म भरताना लगेच काढा किंवा समोरच्याला सात दिवसांची मुदत द्या असे दोन पर्याय येतात. नवखं कथावाचन चॅनल असेल तर सात दिवस द्या असं मी म्हणेन, कारण लगेच काढलं की त्याला स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची दंडाची नोंद, लागतो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल जाऊ शकतं. सांगूनही तेच करत असेल तर मग दया दाखवायचं कारण नाही. समोरच्याने उलट नोटीस दिली, म्हणजे हे माझंच आहे असा दावा केला, तर साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कोर्टात गेल्याचं दाखवावं लागतं नाहीतर मजकूर परत येतो. खोटारडे लोक शक्यतो इतकं पुढे जात नाहीत कारण त्यांनाही खरं नाव-पत्ता द्यावा लागतो.

चोराची स्वतःची वेबसाइट असेल तर तिचा होस्ट, म्हणजे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ती ठेवली आहे ती कंपनी, शोधायचा. आयकॅन (वेबसाइटच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) हिच्या लुकअप पानावर डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणाकडे नोंदवलंय ते दिसतं, मालकाचं नाव हल्ली झाकलेलं असतं पण रजिस्ट्रारची, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीची, तक्रारीची ईमेल असते. क्लाउडफ्लेअर असं दिसलं तर तो खरा होस्ट नाही, मधला पडदा आहे, पण त्यांच्या फॉर्मवर तक्रार केली की ते ती खऱ्या होस्टकडे पाठवतात. सोबत गुगल सर्चलाही वेगळी नोटीस द्या, साइट राहिली तरी सर्चमधून ते पान जातं, आणि त्या साइटवर गुगलच्या जाहिराती असतील तर ॲडसेन्सकडे तक्रार करा, उत्पन्न बंद झालं की ओढून नेणाऱ्या साइटना सगळ्यात जास्त लागतं.

होस्ट भारतीय असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(क) आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर त्यांनी ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो, पण फक्त २१ दिवसांसाठी, आणि तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणू असं तुम्हाला लिहून द्यावं लागतं. हे हमीपत्र हलक्यात देऊ नका. शक्य असेल तिथे आधी अमेरिकन कंपनीकडची वाट धरा, ती सोपी आहे.

छापील चोरीला वेगळं वागावं लागतं. दिवाळी अंकात किंवा वर्तमानपत्राच्या पुरवणीत तुमचा लेख दुसऱ्याच्या नावाने आला तर आधी तो अंक पावतीसकट विकत घ्या, दोन प्रती घ्या. प्रत्येक अंकात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता छापलेला असतो, तिघांना एकच पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा. मागणी लिहा: पुढच्या अंकात तितक्याच ठळक जागी खुलासा, खऱ्या लेखकाचं नाव, आणि त्यांच्या नेहमीच्या दराने मानधन. बऱ्याच वेळा संपादकही फसलेला असतो, कोणीतरी तुमचा लेख आपला म्हणून पाठवलेला असतो, त्यामुळे संपादकाला चोर ठरवून सुरुवात करू नका, तो तुमच्या बाजूने आला तर काम पटकन होतं.

व्हॉट्सॲपवर नाव कापून फिरणाऱ्या फॉरवर्डचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. ते परत ओढून घेता येत नाही, तिथे जीव आटवू नका. तुमच्या ग्रुपवर आलं तर मूळ लिंक देऊन 'हा लेख माझा आहे, मूळ इथे आहे, पुढे पाठवताना नाव ठेवा' एवढं लिहा, आणि तोच लेख नाव-तारखेसह परत एकदा जाहीर टाका म्हणजे शोधणाऱ्याला तो आधी सापडेल.

कोर्टाची वेळ आली तर दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. कलम ६२ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, साताऱ्यातल्या माणसाला त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. आणि कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या चोरीला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, हा दखलपात्र गुन्हा असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या निकालात सांगितलं, म्हणजे पोलिस एफआयआर घेऊ शकतात. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, जुने वकील त्याला जुन्या कायद्यातल्या कलमावरून अजून ६५ब म्हणतात. एका लेखासाठी मी हा रस्ता सुचवणार नाही, पण तुमच्या सगळ्या लिखाणाचं कोणी पुस्तक काढून विकत असेल तर नक्की जा, आणि त्याआधी ५०० रुपये भरून कॉपीराइट ऑफिसात ऑनलाइन नोंदणी करून घ्या, सक्ती नाही पण कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ती धरली जाते. स्वतःलाच पोस्टाने लेख पाठवून पाकीट न फोडता ठेवण्याला मात्र असा कुठला आधार नाही.

जाहीर बोलायचं असेल तर सगळं लेखी झाल्यावर बोला, आणि विशेषणं न लावता बोला. माझा लेख या तारखेला इथे, त्यांचा या तारखेला इथे, मी या दिवशी कळवलं, उत्तर आलं नाही. 'चोर' लिहिलंत की विषय बदनामीवर जातो आणि तुमचा लेख बाजूला पडतो.

पुढच्यासाठी थोडंसं. राइट क्लिक बंद करू नका, चोराला ते दहा सेकंदात चुकवता येतं आणि खऱ्या वाचकांना, स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना त्रास होतो. त्यापेक्षा लेखाच्या मध्ये कुठेतरी तुमच्याच जुन्या लेखांच्या पूर्ण लिंका ठेवा, आपोआप ओढणाऱ्या साइट त्या तशाच नेतात आणि तुम्हाला पत्ता लागतो. ब्लॉगच्या फीडमध्ये (नवे लेख आपोआप बाहेर पाठवणारी सोय) पूर्ण लेखाऐवजी थोडाच भाग जाईल असं सेटिंग करा. छोट्या पोस्टमध्ये नाव फक्त शेवटी टाकू नका, तेच पहिलं कापलं जातं, मजकुरात कुठेतरी गुंफा. फोटोवरचं नाव कोपऱ्यात नको, मुख्य वस्तूवरून फिकट जाऊ द्या. वेगळ्या वाक्यांचे गुगल अलर्ट लावून ठेवा. आणि शेअर करायला तुमची हरकत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, नाव आणि लिंक देऊन पूर्ण लेख घ्या किंवा फक्त लिंक द्या, जे असेल ते, कारण विचारायचं कसं हेच माहीत नसलेले वाचकही पुष्कळ असतात.

आणि दुसऱ्या कोणाचं लिखाण असं फिरताना दिसलं तर त्या लेखकाला खाजगीत लिंक आणि स्क्रीनशॉट पाठवा, काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. तक्रार त्यांनाच करायची असते आणि कित्येकदा त्यांना पत्ताही नसतो.